पार्ट मुंबईहून यायचाय

"बोटं किती हाईत तुला?" गजबरचाचांनी विचारलं.

"दहा."

"मग बटन कशाला पायजे?"

नाकावरचा राग माझा जन्मापासूनचा. किबोर्ड मी त्यांच्या टेबलावर आपटायचाच बाकी ठेवला होता. पापाच्या तिकटीजवळच्या बोळात त्यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं, एका वेळी एकच गिऱ्हाईक उभं राहील एवढं. चहूकडे उघड्या पडलेल्या पेट्या, भाते, पितळी सूर. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा मेळ्याचा जुना फोटो होता आणि त्याच्या अर्ध्या भागावर चाचांनी दूध डेअरीचं कॅलेंडर टांगलं होतं.

"चाचा, मी दिला तवा ह्याचा एक स्वर अडकत होता. तेवढाच! आता स्वर चालतोय आणि ट्रान्सपोजचं बटन मेलंय. हे कुणी केलं? मी केलो?"

(आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणतो. लिहिताना तेवढं सोवळं नेसतो.)

"जुनं यंत्र हाय," चाचा म्हणाले. उजवं कोपर छातीशी घट्ट धरून ते एका पेटीचा स्क्रू फिरवत होते. ती त्यांची कायमची सवय. "एक धरलं की दुसरं सुटतं. पार्ट मुंबईहून यायचाय."

"कधी?"

"आला की."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं कारण सांगते. गायक आपला सा ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. कुणाची काळी चार, कुणाची पांढरी पाच. वाजवणाऱ्याला प्रत्येक पट्टीतून वाजवता आलं पाहिजे, कारण गळे काही त्याच्या सोयीने घडलेले नसतात. मला मात्र एकाच पट्टीतून यायचं, पांढरी एक. सगळं पांढऱ्यांवर. काळ्या पट्ट्या माझ्या लेखी शोभेच्या. समोर कुणीही गायला उभं राहिलं की मी ट्रान्सपोजचं बटण हवं तेवढं दाबायची आणि पांढरी एकच वाजवायची. यंत्र ते सूर उचलून गायकाच्या पट्टीत नेऊन ठेवायचं. तीन वर्षं मी 'स्वरगंगा' ऑर्केस्ट्रात अशी काढली होती. लोक टाळ्या वाजवायचे, पेपरात फोटो आला होता, आणि आमच्या मालकांना, अण्णा पोवारांना, यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

चाचांना मात्र कळलं होतं. त्यांनी किबोर्डवर बोट ठेवलं. "पांढऱ्या झिजल्यात. काळ्यांवर बोटाचा डाग न्हाय. नव्या नवरीगत हाईत."

मी लाजेने लाल झाले. "अण्णांना सांगू नका."

"मला काय पडलंय?"

सन १९९२, जुलै महिना. पावसाळ्यात ऑर्केस्ट्रे बंद असतात, म्हणून मी वाचले होते. पण गणपती झाले की 'स्वरगंगा'चा पाचशेवा प्रयोग होता, आणि त्यात सिंधूताई हळदकर गाणार होत्या. एके काळी गाण्याच्या मेळ्यांमध्ये या बाईंच्या पदासाठी माणसं झाडांवर चढून बसत असत, असं माझी आई सांगायची. बावीस वर्षांनी त्या स्टेजवर येणार होत्या. जुन्या पद्धतीने, फक्त पेटी आणि ढोलकीवर. पेटीच्या जागी मी, किबोर्डवर. अण्णांनी मला बोलावून सांगितलं होतं, "कुंदे, एवढं एक पद सांभाळ. ते पडलं तर पुढच्या प्रयोगापास्नं सांगलीचा किबोर्डवाला बसल. त्यानं तीनदा फोन केलाय मला."

हे सगळं मी किबोर्ड दुरुस्तीला टाकतानाच चाचांच्या कानावर घातलं होतं, म्हटलं निदान लवकर तरी देतील. सिंधूताईंचं नाव निघालं तेव्हा त्यांचा स्क्रू फिरवणारा हात जरासा थांबला होता. मला वाटलं, स्क्रू अडकला.

"मग तवर हा असाच नेऊन मी काय करू?" मी विचारलं.

"सोमवारी मंगळवार पेठेत जा. तालमीच्या माडीवर आनंदाबुवांचं भजन असतं. त्यांचा पेटीवाला गावी गेलाय. बुधवारी लक्षा आवळ्याच्या बँडच्या खोलीवर. शनवारी मोमीन सरांच्या हाटेलात. पार्ट येईपर्यंत तिथं वाजीव. मी सांगितलंय म्हणावं."

"मला येत नाही हे आत्ताच ओळखलंत ना तुम्ही!"

"म्हणूनच जा म्हणतोय."

*

सोमवारी भावाची लुना घेऊन निघाले. खाली तालमीत पैलवान तांबड्या मातीत झुंजत होते आणि वर माडीवर टाळ वाजत होते. आनंदाबुवा म्हणजे सहा फुटी माणूस, आवाज थेट खालच्या कुस्तीच्या हौद्यापर्यंत जाणारा.

"गजबरनं पाठवलंय? बस."

"बुवा, पट्टी कुठली?"

"पट्टी?" बुवा टाळकऱ्यांकडे बघून हसले. "गळ्याची."

आणि डोळे मिटून त्यांनी जी हाळी दिली ती काळी दोन होती की पांढरी तीन, हे शोधता शोधता माझा अख्खा अभंग गेला. मी पेटीवर चाचपडत होते आणि खालून कुठला तरी पैलवान म्हणाला, "वर कोण मांजर धरलंय काय रं?" सगळी तालीम हसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लुनावरून घरी येताना मी चाचांना, बुवांना आणि त्या पैलवानाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मंगळवारी दुकानात गेले.

"पार्ट आला?"

"न्हाय. काल पट्टी कुठली हुती?"

"मला काय माहीत! सापडली तवा अभंग संपला होता."

"पुढच्या सोमवारी अर्ध्यात सापडल," ते म्हणाले आणि पुन्हा कोपर छातीशी धरून कामाला लागले.

बुधवारी बँड. रविवार पेठेत एका गोदामात लक्ष्मण आवळे यांच्या बँडचा सराव चालायचा. वीस माणसं, पितळेची वाद्यं, आणि पत्र्याखाली असा आवाज की दातही वाजावेत. लक्ष्मणमामा क्लॅरिनेट वाजवायचे. मला एक जुनी पेटी देऊन त्यांनी शेजारी बसवलं. त्यांची गाणी एकातून एक निघायची. एक सुरू असतानाच दुसऱ्याचा मुखडा यायचा, आणि दुसऱ्याची पट्टी वेगळी. मी दर वेळी हात उचलायची, नवा सा शोधायची, मग पुढे.

"हात का उचलतीस?" मामांनी क्लॅरिनेट तोंडातून काढून विचारलं.

"पट्टी बदलली ना."

"वरातीत थांबता येतंय व्हय? थांबलं की नवरदेवाचं घोडं बुजतंय. पट्टी चढायची असू दे न्हाईतर उतरायची असू दे, चालत चालतच जायाचं. मधल्या म्युझिकमधी एकेक पायरी. लोकांना कळायच्या आत आपण खाली."

त्यांनी ते मला करून दाखवलं. दोन गाण्यांच्या मधल्या तुकड्यात त्यांचं क्लॅरिनेट जिन्यावरून उतरावं तसं घसरत आलं आणि पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा आपण दुसरीकडेच आहोत हे फक्त माझ्या बोटांना कळलं. त्या रात्री मी घरी येऊन माजघरात किबोर्ड घेऊन बसले आणि हा एकच तुकडा शंभर वेळा घासला. आई म्हणाली, "अगं, तेच तेच काय वाजवतीस? रेकॉर्ड अडकल्यागत."

शनिवारची तऱ्हा आणखी वेगळी. ताराबाई पार्कातल्या एका बागेच्या हॉटेलात मोमीन सर गझल गायचे. दिवसा ते हायस्कुलात भूमिती शिकवायचे, रात्री दिव्यांच्या माळांखाली निळ्या कोटात बसायचे. समोर माणसं पांढऱ्या रश्शात भाकरी कुस्करत आहेत, लहान पोरं आइस्क्रीमसाठी रडत आहेत, आणि सर विरहात बुडालेले. स्वभावाने फार गोड माणूस, पण साडेनऊला त्यांचं जेवण व्हायचं आणि जेवणानंतर पट्टी बरोबर अर्ध्या सुराने उतरायची. त्याबद्दल ते काही बोलायचे नाहीत. आपण ओळखायचं.

"सर, सांगत तरी जावा," मी एकदा म्हणाले.

"कुंदाबाई, पोट भरलेला माणूस स्वतः कुठे सांगतो? साथीदारानं त्याच्या तोंडाकडे बघायचं."

तेव्हापासून मी बोटांकडे बघणं सोडलं आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागले. गळ्याची शीर कधी फुगते, हनुवटी कधी वर जाते, श्वास कुठे तोकडा पडतो. हे मला तीन वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण माझे डोळे कायम ट्रान्सपोजच्या लाल आकड्यावर.

कोल्हापुरात मी जन्मले, वाढले, पण संध्याकाळ झाल्यावर हे गाव किती ठिकाणी गात असतं हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. पंचगंगेच्या घाटावर सनई घासणारा एक माणूस. शुक्रवारी एका चाळीच्या गच्चीत जमणारे दूध संघातले तिघं कारकून, एक व्हायोलिन आणि दोन माउथऑर्गन. जिथे जावं तिथे तेच वाक्य, "गजबरनं पाठवलंय? बस." आणि दर मंगळवारी दुकानात माझं तेच वाक्य. "पार्ट आला?" "न्हाय. काल पट्टी कुठली?"

सहाव्या सोमवारी बुवांनी हाळी दिली आणि ते श्वास घ्यायच्या आत मी पेटीवर त्यांचा सा धरला. काळी एक. बुवांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटला. खालून एकही पैलवान बोलला नाही. मी घरी जाताना लुनावर मोठ्याने गात गेले.

*

प्रयोगाच्या तीन दिवस आधी तालीम झाली. सिंधूताई आल्या. बारीक चणीच्या, नऊवारीतल्या, पासष्टीच्या पुढच्या. खुर्चीत बसून त्या हलक्या आवाजात दोन ओळी गायल्या. "काळी चार," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, तीच हाय." मी काळी चारमधून पूर्ण पद वाजवलं. अण्णांनी मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. ट्रान्सपोज अजून मेलेलंच होतं, पण आता त्याची आठवणही पहिल्यासारखी छळत नव्हती.

रविवारी संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं. मागच्या रांगांमध्ये तालमीतली पोरं उभी. सहाव्या क्रमांकाला सिंधूताईंचं नाव पुकारलं आणि जो काही टाळ्यांचा गजर झाला त्याने त्या दारातच थांबल्या. डोळे भरून आले. पदर सावरला, माइकपाशी गेल्या, आणि माझ्याकडे न बघता, मी सूर द्यायच्या आधीच, त्यांनी थेट हाळी दिली.

ती काळी चार नव्हती.

टाळ्यांनी त्यांचा सूर चढला होता. पांढरी सहा. अर्ध्याने वर. माझ्या हाताखाली काळी चार तयार होती. जुनी कुंदा असती तर बटण दाबत बसली असती आणि बटणही नव्हतं. पण मला विचारही करावा लागला नाही. बुवांच्या हाळीसारखीच ती हाळी होती. श्वास संपायच्या आत मी पांढरी सहावर सा धरला आणि सिंधूताई पदात शिरल्या. विंगेत उभ्या अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला.

मुखडा बहारीचा झाला. मग पहिला अंतरा. त्यात सूर वर जातो, आणि चढलेल्या पट्टीमुळे तो आणखीच वर गेला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गळ्याची शीर ताणली, हनुवटी वर गेली, आणि वरच्या सुरावर आवाज फाटला. जरासाच. पण माइकवर सगळं ऐकू येतं.

"आज्जी, पाणी प्या!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

सिंधूताईंनी ओळ पुरी केली. पण त्यांचा माइकवरचा हात घट्ट झाला होता. दुसरा अंतरा पहिल्यापेक्षाही वर जातो हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि सभागृहातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. बाई बावीस वर्षांनी उभी राहिली होती आणि आणखी एका मिनिटात सगळ्या गावासमोर तिचा आवाज फाटणार होता. मला सांगलीचा किबोर्डवाला आठवला नाही, खरंच सांगते. मला त्या ओरडणाऱ्याचा राग आला. असा राग की कान तापले.

दोन अंतऱ्यांच्या मध्ये पेटीचा तुकडा होता. आठ मात्रा, दोनदा. मी तो सुरू केला आणि पहिल्या आठात एक पायरी उतरले. काळी चार. ढोलकीवर शंकर होता. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि गड्याने काय ओळखलं कोण जाणे, ढोलकीच्या सुरात लावलेल्या बारीक बाजूवरचा हात आवरता घेतला आणि नुसत्या जाड बाजूवर घुमवत राहिला. तिथे थांबले असते तरी चाललं असतं कदाचित. पण मी त्यांचा श्वास बघत होते. तो तोकडा होता. दुसऱ्या आठात आणखी एक पायरी. पांढरी पाच. थांबायचं नाही, चालत चालत.

सिंधूताईंची मान हळूच वळली. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी मान डोलावली. त्यांनी डोळे मिटले आणि दुसरा अंतरा पांढरी पाचमधून उचलला.

तो सूर लागला. वरचा, सर्वांत वरचा, तोच, ज्यासाठी माणसं झाडांवर चढायची. लागला आणि त्यांनी तो धरून ठेवला, इतका की शंकरने ढोलकी थांबवली आणि मीही हात उचलला, आणि सबंध नाट्यगृहात ती एकटी बाई गात होती. खाली आली तेव्हा टोप्या उडाल्या. मागच्या रांगेतून शिट्ट्या, "वन्स मोअर! आज्जी, वन्स मोअर!" तोच आवाज होता बहुधा, पाणी प्या म्हणणारा. पद आणखी तीन वेळा झालं. तिन्ही वेळा आम्ही पांढरी पाचमध्येच गायलो आणि कुणाला काही कळलं नाही.

टाळ्यांच्या गदारोळात त्या माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "गजबरनं शिकवलं न्हवं तुला?"

"न्हाय वो. ते माझा किबोर्ड दुरुस्त करतात."

त्या हसल्या. गालावर हात फिरवून म्हणाल्या, "झाला की मग दुरुस्त."

प्रयोग संपल्यावर अण्णांनी सगळ्यांसमोर सांगलीला फोन लावला आणि म्हणाले, "पाव्हणं, जागा न्हाय." त्यांना तो फोन माझ्यासमोरच करायचा होता.

*

सोमवारी सकाळी किबोर्ड आणि पेढ्याचा पुडा घेऊन दुकानात गेले. रात्रभर सिंधूताईंचं वाक्य डोक्यात फिरत होतं. चाचा नव्हते, चहाला गेले होते. मी सरळ भिंतीपाशी गेले आणि डेअरीचं कॅलेंडर वर उचललं.

फोटोच्या उघड्या अर्ध्या भागात टाळकरी आणि ढोलकीवाला होते, ते मी दर खेपेला बघत होते. झाकलेल्या भागात मधोमध तरुण सिंधूताई उभ्या, नाकात नथ. आणि त्यांच्या पायाशी पेटीवर बसलेला काटक मुलगा, वर मान करून त्यांच्या तोंडाकडे बघणारा. चाचांचे कान मी कुठेही ओळखले असते.

"ठेव ते खाली," मागून चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"बटन तुम्ही तोडलंत."

"एक वायर काढली. पार्ट बिर्ट काय न्हवता."

"चाचा! दोन महिने मी रडलो! पैलवान हसले माझ्यावर! माझी जागा गेली असती, वाटोळं झालं असतं माझं!"

"तुझं झालं असतं का न्हाय, ठाऊक न्हाय. तिचं मातुर झालं असतं." ते स्टुलावर बसले. "टाळ्या पडल्या की तिची पट्टी चढती. पयल्यापास्नं. तिला कळत न्हाय, आणि सांगितलं की रागावती. कुणीतरी खाली आणावं लागतं. बटनवाल्या पोरीकडनं ते झालं नसतं."

"मग तुम्ही का नाही वाजवलंत?"

त्यांनी उजवं कोपर छातीपासून सोडलं आणि हात माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता. बोटं एका जागी राहत नव्हती. दोन महिने दर मंगळवारी मी ते कोपर बघितलं होतं आणि सवय समजले होते. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"काल तुम्ही आला होता?" मी विचारलं.

"भायेर हुतो. पान खाईत." मग विचारलंच. "किती उतरवलीस?"

"दोन. पांढरी सहावरनं पांढरी पाच."

"मी एकच उतरवायचो."

"श्वास पुरत नव्हता त्यांचा."

"हां." त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, लपवालपवी न करता. "तवा ती तिशीची हुती. बरोबर केलंस तू. मी असतो तरी दोनच उतरवली असती."

तीन वर्षांत माझ्यासाठी वाजलेल्या सगळ्या टाळ्या एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी हुंदके देऊन रडले, आणि रडता रडता पेढा त्यांच्या तोंडात कोंबला.

मग त्यांनी माझा किबोर्ड उघडला. आत एक निळी वायर सुटी लोंबत होती. त्यांनी सोल्डरिंगची कावी तापवली, पण टोक जागेवर टेकेना. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. वायर चिकटली. मी बटण दाबलं. लाल आकडा पेटला.

"चालतंय," मी म्हणाले.

"मग जा आता. सोमवार हाय. बुवा वाट बघत असतील संध्याकाळी."

बुवांचा पेटीवाला गावाहून केव्हाच परत आला होता. तरी मी गेले.